सूना झूला

हीनानं वरातीचा आवाज बंद केला. घोडी तशीच नाचत राहिली, नवरदेवाचा मामा रुमाल दातात धरून जमिनीवर लोळत राहिला, फटाके फुटले, पण सगळं मुक्यानं. गाणं काढून घेतलं की लग्नात फार थोडं उरतं, हे तिला अलीकडे रोज नव्यानं दिसत होतं.

"भातकुलीवालं झालं काय?" विपुलनं दारातूनच विचारलं.

"होऊन राह्यलं. हळदीचं काढलं, वरातीचं काढलं. आता स्टेजवरचं."

"काढ बाप्पा, काढ. जे क्लेममध्ये आलं ते उडव आणि खाली कॅमेऱ्याचा आवाज टाक. लोकाईले काय, फोटो हलले पायजे."

विपुलचा स्टुडिओ अमरावतीत, राजकमल चौकाच्या मागच्या बोळात होता. लग्नाचं शूटिंग करायचं, त्यावर झकास सिनेमाची गाणी चढवायची आणि व्हिडिओ स्टुडिओच्या चॅनेलवर टाकून पाहुण्यारावळ्यांना लिंक धाडायची, असा त्याचा धंदा वर्षानुवर्षं बिनघोर चालला होता. मग क्लेम यायला लागले. हे गाणं अमुक कंपनीच्या मालकीचं, ते तमुक कंपनीच्या. काही व्हिडिओंवर नुसताच शेरा पडला, काही बंद पडले, आणि दोनदा तर थेट चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे ताकीद आली. तिसरी आली की चॅनेलच जाणार होतं, आणि चॅनेलबरोबर निम्म्या जिल्ह्याची लग्नं. तेव्हापासून विपुल मेल आला की आधी छातीला हात लावायचा, आणि मग हीनाला हाक मारायचा.

हीना व्हिडिओ एडिटर म्हणून लागली होती. आता ती गाणी पुसणारी झाली होती. सकाळी येऊन बसायचं, आदल्या दिवशी आलेले क्लेम उघडायचे, कोणत्या मिनिटाला कोणतं गाणं ते बघायचं आणि पुसायचं. क्लेमवर वाद घालायचा एक मार्ग होता. विपुलनं एकदा तो घालून पाहिला आणि कानाला खडा लावला. हीनाचे डोळे चुरचुरायचे. घरी गेल्यावर कुणी मोबाइलवर गाणं लावलं तरी तिचं डोकं उठायचं.

भातकुलीचं लग्न संपतंय तोच फोन वाजला. नांदगाव खंडेश्वरहून कुणी प्राजक्ता बोलत होती.

"ताई, माह्या लग्नाचा व्हिडिओ तुमच्या चॅनेलवर होता. आता उघडला की काळाच दिसते."

"क्लेम आला असंल. कधीचं लग्न?"

"लॉकडाऊन लागला ना, त्याच्या आधीचं. तेल्हाऱ्याचं. चंद्रभान म्हणून माझे बाबा."

हीनानं शोधलं. बिदाईवर चढवलेल्या गाण्यानं व्हिडिओ बंद पाडला होता. दोन दिवसांत गाणं काढून परत चालू करते, असं ठरलेलं वाक्य तिनं म्हटलं आणि ती फोन ठेवणार होती.

"ताई, थांबा. एक काम होतं. बिदाईले तुमी जे गाणं टाकलं, ते तिथं वाजलंच नव्हतं. बँडवाल्यानं दुसरंच वाजवलं होतं. बाबा त्याच गाण्यासाठी जीव टाकून राह्यले."

"कोणतं गाणं?"

"तेच तर! बाबानं बँडच्या मास्टरले विचारलं होतं. मास्टर म्हणले, 'सूना झूला' पिक्चरचं हाय. तवापासून बाबा तो पिक्चर शोधते. टीव्हीवर पाह्यलं, पोराईच्या मोबाइलवर पाह्यलं, अकोल्याले जुन्या सीडीवाल्याकडं जाऊन आले. भेटतच नाही. तर मी म्हटलं, तुमच्या त्या क्लेममध्ये गाण्याचं नाव येते ना? पिक्चर कोणता, कंपनी कोणती?"

"येते."

"मग तुमी बँडचा खरा आवाज टाका. त्याच्यावर क्लेम येईन. आला की मले नाव सांगा."

हीनाला हसू आलं. क्लेम येऊ दे म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं. पण हसू ओठांवरच राहिलं, कारण 'सूना झूला' हे नाव तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, आणि तेल्हाऱ्याच्या लग्नातला मास्टर कोण होता हे तिला व्हिडिओ न उघडताही कळलं होतं.

अकोल्याच्या अकोट फैलात अब्दुल रहीम मास्टरांचा बँड होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि सगळ्यांच्या पुढं मास्टर, ओठांत क्लॅरनेट. ते हीनाचे अब्बा. या स्टुडिओतल्या कितीतरी व्हिडिओंमध्ये तिनं त्यांना पाहिलं होतं. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, बोटं भराभर चाललेली, आणि आवाज मात्र मुंबईच्या कुणा गायिकेचा. लग्नाच्या व्हिडिओत बँड दिसण्यापुरता असतो. वर सिनेमाचं गाणं चढतं आणि खालचा बँड पुसला जातो. अब्बा जन्मभर वाजवत आले आणि त्यांचा एक सूरही कुठं राहिला नव्हता. लॉकडाऊनमध्ये आजारी पडले, फुप्फुसं गेली ती गेलीच. बँड विकला, आणि हीनानं त्यांना अमरावतीला आपल्याकडं आणलं.

"विपुलभाऊ, तेल्हाऱ्याच्या लग्नाचं ओरिजिनल असंल काय?"

विपुल लग्न पोचतं केलं की डिस्क पुसून टाकायचा. पण त्या वर्षी पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं आणि पुसायचं राहून गेलं. माळ्यावरच्या खोक्यातून त्यानं ती डिस्क काढून दिली.

"हे पाय, फार खोलात जाऊ नको," तो म्हणाला. "तुझ्या अब्बाचं असलं तरी गाणं शेवटी कोण्या कंपनीचंच असन."

हीनानं हेडफोन लावला, डिस्कवरची एडिटची फाइल उघडली आणि वरचं गाणं काढलं. खालून आधी वारा आला, मग बायकांचा गलका, एका पोराचं रडणं, झांजा, आणि त्या सगळ्याच्या वर अब्बांचं क्लॅरनेट. तिनं हात टेबलावरून मांडीवर घेतले. इतकी वर्षं मुकं पाहिलेलं माणूस एकाएकी बोलायला लागावं, तसं तिला झालं. तिला रडू येत होतं आणि विपुल समोर होता म्हणून ती नाक पुसून पडद्याकडं बघत राहिली.

बिदाई आली. मुलगी मांडवातून निघाली आणि क्लॅरनेटचा सूर खाली उतरला. ही धून घरात सगळ्यांना पाठ होती. अब्बा आंघोळीला जाताना ती गुणगुणायचे. बिदाईच्या इतर गाण्यांसारखी ती गळा काढून रडत नव्हती. दोन पावलं जायची, थांबायची, मागं वळून बघितल्यासारखं करायची आणि परत निघायची. गाडीच्या दाराशी चंद्रभान उभे होते. उंच, काळेसावळे, फेटा सुटायला आलेला. ते मुलीकडं बघतच नव्हते. ते बँडकडं बघत होते आणि त्यांचे गाल ओले होते.

हीनानं पूर्ण व्हिडिओ खऱ्या आवाजासकट चॅनेलवर चढवला, लोकांना दिसणार नाही असा ठेवला, आणि चहा घ्यायला गेली. साइटची तपासणी व्हायला वेळ लागे. परत येऊन बघते तर वरातीतल्या दोन्ही गाण्यांवर क्लेम हजर. अब्बांनी क्लॅरनेटवर वाजवलेली चाल मशीननं बरोबर ओळखली होती. सिनेमाचं नाव, कंपनीचं नाव, सगळं. जेवणावळीतल्या गाण्यावरही क्लेम होता.

बिदाईवर काहीच नव्हतं.

तिला वाटलं, गलक्यामुळं ओळखता आलं नसेल. तिनं तेवढाच तुकडा कापला, वारा कमी केला, क्लॅरनेट वर आणलं आणि पुन्हा चढवला. काही नाही. गाणं ऐकून नाव सांगणारं मोबाइलमधलं ॲप लावलं. ते गोल गोल फिरलं आणि माफी मागून मोकळं झालं. मग तिनं 'सूना झूला' हे नाव शोधलं, हिंदीत, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. जुन्या सिनेमांच्या याद्या धुंडाळल्या. झोपाळा विकणारी दुकानं तेवढी भेटली.

रोज नको असताना शंभर ठिकाणाहून येणारा क्लेम आज मागून मिळत नव्हता. आणि का मिळत नाही ते तिला हळूहळू कळायला लागलं.

ऊन कलताना ती वलगाव रोडवरच्या घरी पोचली, तेव्हा अब्बा ओट्यावर खुर्ची टाकून तुरीची डाळ निवडत बसले होते. काठी गुडघ्याला टेकवलेली, श्वासाचा पंप वरच्या खिशात. घरातली बोली अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. अब्बा कंटाळले की वऱ्हाडीवर यायचे.

"आज लवकर सोडलं त्यानं?"

"अब्बा, तुमच्यावर क्लेम आले."

"माह्यावर? म्या काय केलं?"

तिनं समजावून सांगितलं. मशीन ऐकतं आणि गाणं कुणाचं ते सांगतं. तेल्हाऱ्याच्या वरातीतली त्यांची गाणी मशीननं ओळखली.

अब्बांनी डाळीतला खडा अंगणात फेकला. "ओळखली म्हंजे सूर बरोबर होता," ते म्हणाले. बराच वेळ ते त्यावर खूश होते.

हीनानं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला आणि बिदाई लावली. डाळीत फिरणारी त्यांची बोटं थांबली. मग काठीवर गेली आणि तिथं एक एक करून खाली दबू लागली, वर उठू लागली. धून संपेपर्यंत ती चालत राहिली.

"झांजवाला लवकर आला इथं," ते शेवटी म्हणाले.

"अब्बा, हे कोणत्या पिक्चरचं?"

"असन कोण्या जुन्या पिक्चरचं. सूना झूला."

"असा पिक्चरच नाही. तेल्हाऱ्याच्या पोरीचे बाबा, चंद्रभान, तो शोधत अकोल्यापर्यंत जाऊन आले. म्या सगळं पाह्यलं. वरातीचं ओळखलं, जेवणाचं ओळखलं, ह्याच्यावर क्लेम येतच नाही."

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. बाहेरून एक ऑटो गेला. त्यांनी पंप काढून एक श्वास ओढला आणि तो आत जाईपर्यंत थांबले.

"तू तवा झाली नव्हती," ते म्हणाले. "तेल्हाऱ्याकडंच एक लग्न होतं. बिदाईची जेवढी गाणी येत होती तेवढी वाजवून झाली आन गाडीच चालू होईना. पोरगी आत बसेल होती, बाया रडून रडून थकल्या, डायवर बॉनटमधी मुंडकं घालून उभा. बँड बंद करता येते काय? मंग म्या वाजवत राह्यलो. जे आलं ते."

"मग पिक्चरचं नाव?"

"पोरीचा काका येऊन विचारते, 'मास्टर, बढिया होतं, कोणत्या पिक्चरचं?' समोर लिंबाले झोका बांधेल होता. रिकामा. तोंडातून निघून गेलं." ते थोडं हसले आणि खोकले. "मंग लोकं दुसऱ्या लग्नात म्हणाले लागले, ते सूना झूलाचं वाजवा."

"खरं काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना एका ठिकाणी. म्या बसवलं म्हणलं. तर नवरदेवाचा बाप म्हणते, तू आपलं डोकं नको लावू, पिक्चरचं वाजव. मंग कोनाले नाही सांगितलं. तुह्या अम्मीलेही नाही."

हीनाला त्या कधीच न पाहिलेल्या नवरदेवाच्या बापाचा राग आला, विपुलचा आला, स्वतःचाही आला. किती महिने ती लोकांची नावं बघून गाणी पुसत होती. हे एक गाणं असं होतं की त्यावर कुणाचंही नाव नव्हतं आणि ज्याचं असायला हवं तो माणूस समोर डाळ निवडत होता. तिनं ओट्यावरच मांडी घातली, मोबाइलवर तो बिदाईचा तुकडा उघडला आणि नावाच्या रकान्यात टाइप केलं: बिदाईची धून, अब्दुल रहीम मास्टर.

"हे पाहा. असं टाकते."

अब्बांनी चष्मा नाकावर नीट केला. वाचायला त्यांना वेळ लागला.

"कशाले पायजे ते."

"पायजे."

ते परत डाळीकडं वळले. दोन खडे काढले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "टाकशीनच तर अकोला टाकजो मागं. अब्दुल रहीम लय आहेत."

तिनं 'अकोला' टाकलं. अब्बांनी पुन्हा वाचलं, या खेपेला ओठ हलवत.

"त्या तेल्हाऱ्याच्या भाऊले म्याच सांगतो," ते म्हणाले. "फुकट फिरवलं त्याले. अकोल्यापर्यंत गेला म्हणतं ना? लाव फोन."

प्राजक्तानं दिलेला तिच्या बाबांचा नंबर हीनानं लावला. तेवढ्यात अब्बांनी सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी लावून घेतली आणि खुर्चीत ताठ बसले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते असेच बसायचे. स्पीकरवर घंटी वाजत राहिली.

"कोन बोलते?" पलीकडून आवाज आला. मागं कुठंतरी मोटारपंप चालू होता.

"चंद्रभानभाऊ, म्या अब्दुल रहीम. अकोल्याचा बँडवाला. तुमच्या पोरीच्या लग्नात होतो."

"मास्टर!" तो आवाज एकदम जवळ आला. "बाप्पा रे! कसे हाय तुमी? पिक्चर भेटला काय?"

"त्याचंच सांगाले फोन केला. त्याचं असं हाय भाऊ..." अब्बांचा श्वास अडला. त्यांनी हात वर करून थांबा म्हटल्यासारखं केलं, जसं काही तो माणूस समोरच होता.

पण चंद्रभानना थांबायला सवड नव्हती. "पोरगी म्हणते, बाबा, असा पिक्चरच नाही. नाही कसा? म्या पाह्यला ना! तुमी त्या दिवशी नाव सांगितलं आन मले सगळं झक्क आठवलं. तेल्हाऱ्याले टुरिंग टॉकीज येत होती, तिथं पाह्यला, दुर्गाच्या संगं. लग्नाचं पहिलंच साल होतं. आईले म्हणलं देवळात जाऊन राह्यलो, आन गेलो पिक्चरले."

अब्बांनी वर केलेला हात खाली घेतला.

"शेवटी झोका असते पाहा त्याच्यात. रिकामा. हलून राह्यते, आन तुमी वाजवलं ते वाजते. दुर्गा इतकी रडली, इतकी रडली, म्या तिले हासलो. म्हणलं, पिक्चर हाय येडे, खरं थोडीच हाय. रस्ताभर बोलली नाही मंग माह्याशी." मोटारपंपाचा आवाज तेवढा येत राहिला. "पोरीची बिदाई पाहाले ते राह्यली नाही. पन तुमी वाजवलं तवा मले वाटलं, अशीच उभी हाय बाजूले. एक डाव पाहाचा हाय तो पिक्चर, मास्टर. मरायच्या आधी एक डाव."

हीनानं अब्बांकडं पाहिलं. ते तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या हातातल्या मोबाइलकडंही नाही. त्यांची बोटं काठीवर दाबलेली होती, सगळीच्या सगळी, आणि एकही उठत नव्हतं.

"मास्टर? हाय ना असा पिक्चर?"

"हाय ना भाऊ," अब्बा म्हणाले. "ब्लॅक अँड व्हाइट होता."

"हो! ब्लॅक अँड व्हाइट! पाहा, म्हणलं ना म्या!"

"पन आता भेटत नाही तो कुठं. म्या लय तपास केला. रिळं जळाले म्हणते."

"जळाले?"

"जुन्या पिक्चरची जळतेच. गाणं तेवढं हाय आपल्यापाशी. तुमच्याच मांडवातलं. माही पोरगी पाठवते."

पलीकडं मोटारपंप बंद झाला. मग चंद्रभान म्हणाले, "गाणं हाय ना. मंग झालं. झोका तं मले दिसतेच."

फोन बंद झाल्यावर अब्बांनी गळ्याची गुंडी सोडली आणि पंप तोंडाला लावला. हीनाला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. तिला भांडायचं होतं, पण कुणाशी ते तिला कळत नव्हतं.

"ते खोड," अब्बा म्हणाले.

"अब्बा."

"खोड बेटा. त्याच्या मोबाइलवर जाईन, पोरगी वाचून दाखवन."

हीनानं मागून खोडायला सुरुवात केली. आधी अकोला गेलं, मग मास्टर, मग बाकीचं. रिकाम्या रकान्यात तिनं 'सूना झूला' लिहिलं आणि लिंक पाठवून दिली. खाली हिरव्या अक्षरांत तपासणीचा निकाल अजून तसाच होता: कोणताही क्लेम नाही.

अब्बांनी ताट उजेडाकडं वळवलं आणि पुन्हा खडे शोधायला लागले.

"उद्या कोनाचा क्लेम आला त्याच्यावर," ते म्हणाले, "तर भांडू नको."